गादीखालचं प्लास्टिक

आधीच सांगतो, मला हसू नका. हसायचंच असेल तर शेवटी हसा, तेव्हा मीही हसेन कदाचित.

एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचं काम केलं. रस्त्याखाली नळ कुठे फुटलाय ते वरून सांगायचं. हातात एक लोखंडी सळई, तिचं एक टोक रस्त्याला टेकवायचं आणि दुसरं कानाला. खाली पाणी पळत असलं की सळईतून बारीक सूं आवाज येतो. आता त्यासाठी यंत्रं आली आहेत, पण माझ्या वेळी कान हेच यंत्र. खात्यात मला 'कानवाले' म्हणायचे. मी बोट ठेवीन तिथे खणायचं आणि पाणी निघायचं. याचा मला माज होता. होता कशाला, आहेच.

तर असा मी, आणि माझ्या स्वतःच्या कुशीला पाच महिने भिंत गळत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसंच. बरं, ओल मला दिसली नाही म्हणावं, तर तेही नाही. ओल मला पहिल्या सकाळपासून माहीत होती. फक्त ती कुणाची, हे मी चुकीचं ठरवलं.

नीट सांगतो. माझे चिरंजीव आणि सूनबाई दोघंही लॅपटॉपवर काम करणारी. कुठूनही बसून करता येतं म्हणे. भाड्याच्या घराचा करार संपला तेव्हा दोघांनी ठरवलं, आता वर्षभर चाकांवर राहायचं. कुणीतरी वापरलेलं एक मोटरहोम घेतलं. बसपेक्षा लहान, टेम्पोपेक्षा मोठं. आत एक टेबल, दोन शेगड्यांचा ओटा, ताटाएवढं सिंक, आणि असं न्हाणीघर की आत शिरायच्या आधीच ठरवायचं कुठल्या तोंडानं उभं राहायचं ते. ड्रायव्हरच्या डोक्यावर त्या दोघांचा बिछाना. मागच्या कोपऱ्यात, डाव्या भिंतीला लागून, अडीच फूट रुंदीचं एक बाक होतं. तो माझा पलंग.

खरं तर मी लेकीकडे जायचं असं ठरत होतं. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने तिच्याकडेच होतो. लेक गुणी आहे, तिनं काही कमी केलं नाही. पण त्या दिवसांत माझा ताबा राहत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने असं होईल, मग थांबेल, आणि क्वचित पुन्हाही होईल. लेकीनं माझ्याखाली रबराचं कापड अंथरलं. ते हललं की कुरकुरायचं. आणि तिचा आवाज असा मोठा, की ती फोनवर मैत्रिणीला सांगायची, "अगं, बाबांना आता कंट्रोल नाही ना राहत!" आणि जिन्यावरचा माणूस वर बघायचा. तिच्या मनात पाप नव्हतं. पण मी तिथे मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो.

तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्याबरोबर चला. या गाडीत दोन टाक्या, एक पंप आणि पाच नळ आहेत. आम्हाला नळाचा न कळत नाही. तुमच्यावाचून अडेल हो आमचं." अडणार काय होतं, कप्पाळ! पण तिनं ते असं सांगितलं की मी पाहुणा नाही, गाडीचा माणूस झालो. एव्हाना माझा त्रासही थांबला होता. मी सळई घेतली आणि निघालो. हो, सळई घेतली. हसू नका म्हटलं ना.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तर कमरेखाली ओलं. पायजमा ओला, गादीची भिंतीकडची बाजू ओली. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. एकच आला, झालं, पुन्हा सुरू झालं. आता लेकीकडे रवानगी, रबराचं कापड आणि फोन.

त्या दोघांना जाग यायच्या आत मी गादी उलटली, पायजमा धुतला, फळीवर फिनेल टाकून ओल्या फडक्यानं पुसून काढलं. वास कसला येतोय ते कळायची सोय नव्हती, क्लोरीनच्या खोल्यांत काम करून माझं नाक कधीच गेलेलं. म्हणून फिनेल अंमळ जास्तच टाकलं. सूनबाई उठली आणि म्हणाली, "बाबा, सकाळी सकाळी एवढी साफसफाई?" मी म्हणालो, "सवय." तोंड वर करून म्हणालो.

दर थोड्या दिवसांनी तसंच व्हायला लागलं. मी माझ्या परीनं शोध लावला. ज्या संध्याकाळी दुसऱ्यांदा चहा होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास ओलं. म्हणून मी संध्याकाळचा चहा सोडला. तरी ओलं. मग चारनंतर पाणी सोडलं. जीभ टाळ्याला चिकटायची, तरी ओलं. रोज सकाळी डोळे न उघडता आधी हात कमरेखाली घालायचो. कोरडं असलं तर दिवस माझा. ओलं असलं तर दिवसभर मी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे.

खात्यात असताना माझी वही असायची. तारीख, वेळ, पाण्याचा दाब, पाऊस होता की नव्हता, सगळं लिहायचो. नवीन माणसाला पहिल्यांदा हेच शिकवायचो, बाबा रे, आधी लिही, मग कान लाव. इथे मी एक ओळ लिहिली नाही. असल्या गोष्टीची कुणी नोंद ठेवतं का?

दोनेक महिन्यांनी एकदा गादी उलटताना हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं. बघतो तर गादीखाली जाड, पारदर्शक प्लास्टिक. फळीच्या मापानं कापलेलं, कडा आत मुडपलेल्या, कोपरे चिकटपट्टीनं नीट बसवलेले. कुरकुर करणारं नव्हे, मऊ. हलवलं तरी आवाज होत नव्हता. तसं शोधून आणलेलं असणार.

म्हणजे सूनबाईला कळलं होतं.

मी तिथेच खाली बसलो. कान तापले. वाटलं, ही गाडी आत्ता कुठेतरी दरीत जावी. कधी कळलं असेल तिला? चादरी धुताना? का माझ्या फिनेलमुळेच? तिनं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं, नवऱ्यालाही सांगितलेलं दिसत नव्हतं. नुसतं गुपचूप प्लास्टिक घातलं होतं, आवाज न होणारं. आणि मी काय केलं? आभार मानावेत की नाही? छे! मी त्याच दुपारी तिच्यावर खेकसलो. सिंकमध्ये चहाचा चोथा टाकला म्हणून. "शिकलीसवरली माणसं तुम्ही, नळी तुंबते एवढं कळत नाही?" ती म्हणाली, "चुकलं बाबा." चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. पुढे आम्ही दोघांनी अळीमिळी गुपचिळी धरली. मी गादी उलटायचो, ती चादर बदलायची, आणि दोघं हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

मग एका सकाळी मोजे घालायला मी पलंगावर बसलो आणि धाडकन खाली गेलो. फळी मधोमध खचली. मी ढुंगणावर, पाय वर, एक मोजा हातात. चिरंजीव धावत आले, मला ओढून काढलं, आणि खाली वाकून बघितलं तर फळीचा भुगा झालेला. भिंतीकडचं लाकूड काळं पडलं होतं, वर पांढरी बुरशी. त्यानं बोट लावलं तर बोट आत गेलं.

तासाभरात आम्ही असल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या आवारात होतो. मिस्त्री पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, बोलायला कंजूष. तो गाडीत आला आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत सुटला. छतापासून खाली, खालपासून वर. मी मनात त्याचं नाव टकटक्या ठेवलं. पण माणूस आपल्या जातीचा होता हो, ऐकून काम करणारा. एका जागी टकटक बद्द झाली तसं त्यानं स्क्रूड्रायव्हर टोचला. भिजलेल्या पावात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"वरून येतंय," तो म्हणाला. "छताच्या कोपऱ्याचा जोड उकललाय. पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि इथे पलंगापाशी बाहेर येतं. जुनं दुखणं आहे. पण एवढं कुजायला नको होतं." मग त्यानं गादी उचलून बाजूला केली आणि थांबला. "हे प्लास्टिक कुणी घातलं?"

"मी," सूनबाई म्हणाली.

"त्यानंच घात केला. खाली उतरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच राहिली नाही. झाकून ठेवलं आणि आतल्या आत सडलं."

चिरंजीवांचा पारा चढला. हा स्वभाव माझाच, दुसरा कुणाचा? "पण घातलंस कशाला तू ते?"

"असंच. गादी खराब होऊ नये म्हणून."

"गादी? अगं, एका गादीसाठी सगळं घर कुजवलंस! मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. मान खाली घालून प्लास्टिकच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोडवत बसली.

मिस्त्री माझ्याकडे वळला. "आजोबा, इथे तुम्हीच झोपता ना? पाऊस पडून गेला की ओल लागायची का कधी?"

आणि मी, एकतीस वर्षं गळती शोधणारा मी, म्हणालो, "नाही बुवा. मला तर काही जाणवलं नाही."

एवढं बोलून मी खाली उतरलो. आवाराच्या टोकाला जुन्या टायरांची चळत होती, तिच्यावर जाऊन बसलो. त्याचा प्रश्न डोक्यात फिरत होता. पाऊस पडून गेला की. आता मी मनातल्या मनात वही उघडली. नदीकाठी थांबलो होतो तेव्हा दोन दिवस पाऊस, दोन्ही सकाळी ओलं. डोंगरापलीकडच्या तळावर तीन आठवडे कडक ऊन, तीन आठवडे मी कोरडा. आणि संध्याकाळचा दुसरा चहा? अहो, पाऊस लागला की फिरायला जाता येत नाही. तिघं आत अडकतो. अडकलो की सूनबाई चहा टाकते. चहानं ओलं होत नव्हतं, पावसानं होत होतं! पोरसवदा शिकाऊलासुद्धा दोन दिवसांत कळलं असतं.

म्हणजे मी नव्हतोच. एक दिवससुद्धा मी नव्हतो.

मला क्षणभर इतकं हलकं वाटलं की उठून नाचावं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. आणि मागोमाग गाडीतून चिरंजीवांचा आवाज आला, अजून तेच चाललं होतं, "माणसानं डोकं वापरावं जरा!" आणि तिचा आवाज आला नाही. तेव्हा मला कळलं की पाच महिने मी भलत्याच गोष्टीला लाजत होतो. लाजायची गोष्ट मी आत्ता, दहा मिनिटांपूर्वी केली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकलेली राहावी म्हणून ती पोर बोलणी खात होती, आणि मी टायरवर बसून हलका होत होतो.

सांगायला नको, गप्प बसलो तरी निभेल, असंही वाटलं बरं का. नाही कसं म्हणू? आता गळती छताची ठरली होती. माझं नाव कुठेच येत नव्हतं. चिरंजीवांचा राग दोन दिवसांत उतरला असता. सून बोलली नसती, मरेपर्यंत बोलली नसती. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच मला सोसवेना.

मी परत गाडीत चढलो.

"ओरडू नकोस तिच्यावर," मी म्हणालो. "ते प्लास्टिक गादीसाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी अंथरूण ओलं करतो असं मला वाटत होतं. पाच महिने. तिलाही तसंच वाटलं असणार. मी दर वेळी लपवत होतो, आणि तिनं मला लपवू दिलं. मघाशी मिस्त्रींशी मी खोटं बोललो. ओल मला पहिल्या दिवसापासून लागत होती."

मिस्त्री आपल्या पेटीत काहीतरी शोधायला लागला. त्याला काही सापडायचं नव्हतं हे मला दिसत होतं. भला माणूस.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही? अहो, तुम्ही गळती..." आणि त्याला हसू फुटलं. माझ्या तोंडाकडे बघून ते तिथेच विरलं. "सांगायचं नाही का मला?"

"काय सांगायचं? सकाळी चहा पिता पिता सांगायचं? तू सांगितलं असतंस?"

तो बायकोजवळ जाऊन तिच्या शेजारी खाली बसला आणि तोही चिकटपट्ट्या सोडवायला लागला. आमच्या घरात माफी अशीच मागतात. तोंडानं मागायचं आमच्या रक्तात नाही.

मी मात्र त्या दिवशी तोंडानं मागितली. "चुकलो मी, सूनबाई. त्या चोथ्याचंसुद्धा."

"कुठला चोथा?" ती म्हणाली. ती विसरली होती, किंवा तसं दाखवत होती. मग हळूच म्हणाली, "मी बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी बॅग भरून ताईंकडे गेला असता."

"गेलो असतोच."

"म्हणून नाही बोलले."

दुरुस्तीला सोळा दिवस लागले. आवाराशेजारी एक खोली घेऊन राहिलो. आतलं प्लायवूड उतरवलं, कुजलेल्या पट्ट्या करवतीनं काढल्या, मग नुसता पंखा आणि हीटर लावून भिंत आठवडाभर वाळवली. मिस्त्री रोज दोन सुयांचं एक यंत्र लाकडाला टोचून ओल मोजायचा आणि मी रोज वहीत आकडा लिहायचो. नवीन लाकूड बसलं, छताचे सगळे जोड उकलून पुन्हा भरले. शेवटच्या दिवशी त्यानं छतावर अर्धा तास पाण्याची नळी सोडली आणि मला म्हणाला, "ऐका." मी सळई भिंतीला लावून कान टेकवला. काही नाही. अगदी काही नाही.

"पास?" त्यानं वरून विचारलं.

"पास," मी म्हणालो.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. माझा पलंग नवा, फळी नवी, गादीखाली हवा खेळायला जाळी. पाऊस पडला, आम्ही आत अडकलो, दुसरा चहा झाला, मी तो प्यालो. सकाळी कोरडं. वहीत लिहिलं. असे दोन महिने गेले.

आणि परवा सकाळी जाग आली तर ओलं.

मी आधी भिंतीवर हात फिरवला. कोरडी. पेरानं टकटक केली, वरपासून खालपर्यंत, आवाज टणक. उशाखालची वही काढून बघितली. पाऊस होऊन बारा दिवस झाले होते. मिस्त्रीचं काम चोख होतं.

डॉक्टर क्वचित म्हणाले होते. हे ते क्वचित.

ओट्यापाशी सूनबाई चहा करत होती. चिरंजीव टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसले होते. माझा हात सवयीनं गादीच्या कोपऱ्याकडे गेला, उलटायला. तिथेच थांबला. सहा पावलांवर ती दोघं, आणि मला घामच फुटला. लाज गेली असेल असं मला वाटलं होतं. कुठली जाते!

"सूनबाई," मी हाक मारली. आवाज जरा मोठाच निघाला, लेकीसारखा. "धुतलेली चादर दे गं एक."

"भिंत का हो, बाबा?"

"नाही. भिंत कोरडी आहे." मग मी बाकीचंही बोललो. "मीच."

टेबलापाशी टकटकणाऱ्या बोटांचा आवाज थांबला, आणि क्षणभरानं पुन्हा सुरू झाला. सूनबाईनं शेगडी बारीक केली.

"देते की," ती म्हणाली. "आधी चादर देऊ का चहा?"

"चादर," मी म्हणालो. "आणि चहा पूर्ण कप दे. अर्धा नको."